मृत्युलेखांच्या घरात आलेला हायकू

(धागा)

घाटकोपरच्या पंतनगरात आचार्य अत्रे यांच्या नावाचे एक मैदान आहे. अत्रे म्हटले की मैदानच आठवावे, हे स्वाभाविक आहे. हजारोंची सभा, तासन्‌तास रंगणारे भाषण, 'मराठा'तील जळजळीत अग्रलेख, संयुक्त महाराष्ट्राचा लढा, सारे काही मोठ्या मापाचे. याच मापाने त्यांनी मृत्यूवरही लिहिले. मराठी पत्रकारितेत मृत्युलेखाला वाङ्मयाची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत अत्र्यांचे नाव अग्रभागी येते. १९६४ मध्ये पंडित नेहरूंचे निधन झाले, तेव्हा एक अग्रलेख त्यांना पुरला नाही. त्यांनी लेखमालाच लिहिली, आणि ती पुढे 'सूर्यास्त' या नावाने पुस्तकरूपात आली.

त्याच अत्र्यांच्या कन्येने मृत्यूसाठी तीन ओळी पुरेशा मानल्या.

शिरीष पै यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९२९ चा. योगायोग असा की दैनिक 'मराठा'चा पहिला अंकही १५ नोव्हेंबरचाच, १९५६ चा. 'नवयुग' आणि 'मराठा' या वडिलांच्या दोन्ही पत्रांत त्यांनी काम केले. रोज अंक निघतो, रोज कोणीतरी गेलेले असते, आणि त्याच्यावर रात्रीपर्यंत लिहून द्यायचे असते, असे ते वातावरण होते. १३ जून १९६९ रोजी अत्रे गेले. शिरीषताईंनी वडिलांविषयी पुढे पुष्कळ लिहिले, पण ते गद्यात. 'वडिलांचे सेवेशी' हे त्यांतले ठळक पुस्तक.

१९७० च्या दशकाच्या मध्यास त्या हायकूकडे वळल्या आणि २ सप्टेंबर २०१७ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी निधन होईपर्यंत मराठी हायकू आणि शिरीष पै ही दोन नावे एकत्रच घेतली गेली. वडिलांचा मृत्यू आणि हायकूची वाट यांत सरळ कार्यकारणभाव जोडण्याचा मोह टाळलेला बरा. मात्र एकाच घरात मृत्यूविषयी लिहिण्याच्या दोन टोकाच्या रीती नांदल्या, एवढे निश्चित.

आता ही दुसरी रीत मुळात काय आहे ते पाहू.

शाळेत हायकूची व्याख्या पाठ करून घेतात ती अशी, पाच-सात-पाच अशा सतरा अक्षरांची तीन ओळींची कविता. व्याख्या चुकीची नाही, पण 'अक्षर' या शब्दाने घोळ होतो. जपानी कवी मोजतो ते उच्चाराचे एकक आपल्या अक्षराहून लहान असते. 'मुंबई' हा शब्द घ्या. देवनागरीत अक्षरे तीन, मुं-ब-ई. जपानी माणूस तोच शब्द मु-न्-बा-इ असा चार एककांत मोजतो, कारण अनुस्वाराचा 'न्' तेथे स्वतंत्र धरला जातो. गंमत अशी की याच्या जवळ जाणारे माप आपल्या छंदःशास्त्रात पूर्वीपासून आहे. ती म्हणजे मात्रा. अनुस्वार आला की अक्षर गुरू होते, त्याच्या दोन मात्रा होतात. अक्षरे मोजून हायकूची शुद्धता तपासणाऱ्या मंडळींनी निदान मात्रा तरी मोजाव्यात! शिरीष पै यांनी या हिशेबाचा फारसा बाऊ केला नाही. त्यांनी तीन ओळी ठेवल्या आणि मोजदाद सैल सोडली.

त्यांच्या मते महत्त्वाचा होता तो क्षण. पारंपरिक जपानी हायकूत ऋतू सुचवणारा एक शब्द असतो आणि मध्ये एक छेद असतो. छेदाच्या अलीकडे एक दृश्य, पलीकडे दुसरे. दोहोंचा संबंध कवी सांगत नाही. ऋतूचा शब्द आला की काळ आला, आणि काळ आला की जाणे आले. म्हणून मृत्यूचे नावही न घेणाऱ्या हायकूत तो असतो.

जपानमध्ये मरणापूर्वी कविता लिहिण्याची जुनी प्रथा होती. भिक्षू, सामुराई, कवी, सारेच अशी अखेरची कविता मागे ठेवीत. या प्रथेची सर्वांत मोठी थट्टा, किंवा सर्वांत मोठा सन्मान, हायकूच्या सर्वांत मोठ्या कवीने केला. मात्सुओ बाशो १६९४ मध्ये प्रवासात असताना ओसाका येथे आजारी पडला. शिष्यांनी अखेरची कविता मागितली, तेव्हा आपली प्रत्येक कविता अखेरचीच होती अशा अर्थाचे उत्तर त्याने दिल्याचे परंपरा सांगते. जाता जाता, 'बाशो' म्हणजे केळ. अंगणात लावलेल्या केळीवरून त्याने हे नाव घेतले. तिथल्या थंडीत त्या केळीला वसईसारखे घड लागत नाहीत, तिची पाने वाऱ्याने फाटतात, आणि फाटणारी पानेच त्याला प्रिय होती.

कोबायाशी इस्सा (१७६३–१८२८) याची कथा अधिक घरगुती आणि म्हणून अधिक असह्य आहे. पन्नाशी ओलांडल्यावर त्याचे लग्न झाले. मुले झाली आणि एकेक करून गेली. १८१९ मध्ये सातो ही त्याची तान्ही मुलगी देवीच्या रोगाने दगावली. त्या वर्षाचे गद्यपद्यमिश्रित टिपण त्याने लिहून ठेवले, ते त्याच्या पश्चात १८५२ मध्ये छापले गेले. जग दवासारखे क्षणभंगुर आहे, ही बौद्ध शिकवण इस्साला तोंडपाठ होती. मुलीच्या मृत्यूवरच्या कवितेत तो ती शिकवण उच्चारतो, आणि शेवटच्या ओळीत तिला संमती देण्याऐवजी अडखळतो. एवढेच. शोकाविषयी एकही विशेषण तेथे नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे एक तारीख टोचते. देवीची लस मुंबईत १४ जून १८०२ रोजी पोहोचली होती. ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती प्रथम टोचण्यात आली. सातो गेली ती त्यानंतर सतरा वर्षांनी. पण परदेशाशी अत्यल्प संबंध ठेवणाऱ्या जपानमध्ये ही लस यशस्वीपणे रुजली ती १८४९ मध्ये. ज्या मृत्यूवरची कविता आज जगभर क्षणभंगुरतेचे चिरंतन उदाहरण म्हणून वाचली जाते, त्या मृत्यूला एक ठोस, ऐहिक, टाळता येण्याजोगे कारण होते. इस्साच्या त्या अडखळण्यात कदाचित हेही असावे. लस त्याला ठाऊक नसेल, पण 'सारे नश्वर आहे' हे उत्तर मुलीच्या बापाला पुरत नाही, हे ठाऊक होते.

तिसरा कवी मासाओका शिकी. 'हायकू' हे नाव या प्रकाराला रूढ करून देणारा हाच. शिकी पत्रकार होता, हे येथे विशेष लक्षात ठेवण्याजोगे. १८९५ मध्ये युद्धवार्ताहर म्हणून तो चीनला गेला आणि परतीच्या जहाजावर त्याला रक्ताच्या उलट्या झाल्या. क्षय मणक्यात उतरला. अखेरची वर्षे टोकियोतील घरात एका अंथरुणावर गेली. मे १९०२ पासून त्याने वृत्तपत्रात एक सदर चालवले. त्याचे नावच सहा फुटांच्या रोगशय्येवरून होते, कारण त्याचे जग तेवढेच उरले होते. वेदना, मॉर्फिन, जेवणाचा तपशील, खिडकीतून दिसणारी बाग, सारे त्यात येई. सदराचा अखेरचा मजकूर १७ सप्टेंबरला आला. १८ ला त्याने तीन हायकू लिहिले. १९ च्या पहाटेपूर्वीच तो गेला. वयाची पस्तिशीही गाठली नव्हती.

त्या शेवटच्या तिन्ही हायकूंत आहे ते घोसाळे. होय, ज्याची पावसाळ्यात आपण भजी करतो तेच. घोसाळ्याच्या वेलाचे पाणी जपानमध्ये कफावर औषध म्हणून घेत. शिकीच्या बागेत त्यासाठीच वेल चढवला होता. मरणाऱ्या माणसाला खिडकीतून तो दिसे. वेलाला फूल आले आहे, औषधाचा उपयोग राहिलेला नाही, आणि पाणी काढायची ठरलेली तिथीही टळून गेली आहे, एवढाच ऐवज. आत्म्याचे नाव नाही, परलोक नाही. जपानमध्ये शिकीची पुण्यतिथी आजही घोसाळ्याच्या नावाने ओळखली जाते. एखाद्या थोर मराठी कवीच्या पुण्यतिथीला आपण 'घोसाळे-स्मृतिदिन' म्हटले असते काय, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हायकूची वृत्ती त्यातच आहे.

हे सारे मुंबईपर्यंत कसे आले?

आधी माणसे आली. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा यांच्या पुढाकाराने जपानच्या निप्पोन युसेन कंपनीची मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू झाली. भारतीय कापूस जपानच्या गिरण्यांकडे जाऊ लागला, आणि त्या व्यापाराच्या मागोमाग जपानी माणसे मुंबईत आली, काही येथेच वारली. वरळीत जपानी लोकांची दफनभूमी आहे. वरळीतच निचिदात्सु फुजी या भिक्षूंच्या पंथाचे जपानी बौद्ध मंदिर आहे. आणि अत्र्यांची 'शिवशक्ती', 'मराठा'चे घर, तीही वरळीतच. म्हणजे जपानी मृत्यू आणि जपानी प्रार्थना मराठी मृत्युलेखाच्या शेजारीच होत्या. तरी हायकू त्या शेजारातून आला नाही. तो आला पुस्तकांतून, इंग्रजीच्या वळणाने.

भारतीय भाषांत पहिले पाऊल रवींद्रनाथांचे. १९१६ च्या जपानप्रवासावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकात बाशोच्या दोन हायकूंची बंगाली रूपे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर आर. एच. ब्लाइथ यांचे चार खंड (१९४९–१९५२) प्रसिद्ध झाले आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगाला हायकू सापडला. भारतीय भाषांत गुजरातीने त्याला लवकर जवळ केले. 'स्नेहरश्मी' या नावाने लिहिणारे झीणाभाई देसाई यांचा हायकूसंग्रह १९६७ चा. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांत एकाच जिन्यावर मराठी आणि गुजराती दारे समोरासमोर असतात. त्यांतल्या एका दारामागच्या भाषेत हायकू दुसऱ्या दाराआधी काही वर्षे रुळला होता. हिंदीत जपानीचे प्राध्यापक सत्यभूषण वर्मा यांनी तो रुजवला. मराठीत शिरीष पै यांनी स्वतंत्र हायकू लिहिले आणि शान्ता शेळके यांनी जपानी हायकूंचे अनुवाद केले.

शिरीष पै यांनी ज्या काळात हायकू आणला तो काळही पाहायला हवा. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना झाली. १९७४ मध्ये रेल्वेचा देशव्यापी संप, १९७५ मध्ये आणीबाणी. कविता रस्त्यावर उतरली होती, आणि तिच्या तोंडी या शहराने पूर्वी छापील कवितेत ऐकली नव्हती अशी भाषा होती. अशा वेळी पक्षी, पाऊस, झाड, खिडकी यांविषयी तीन ओळी लिहिणे हे पळून जाणे आहे, अशी शंका कोणी घेतली तर तिला उत्तर द्यावे लागेल.

ती शंका अर्धी खरी आहे. हायकू अन्यायाविषयी फारसे बोलत नाही. कोणाच्या मृत्यूला कोण जबाबदार, हे तो विचारत नाही. सातोची लस त्याच्या कक्षेत येत नाही. हे काम मृत्युलेखाचे, अग्रलेखाचे, आणि ढसाळांच्या कवितेचे. पण उरलेली अर्धी बाजू मराठीच्या दृष्टीने मोलाची आहे.

मराठीत मृत्यूवर कमी लिहिलेले नाही. ज्ञानेश्वरांच्या समाधीचे वर्णन करणारे अभंग आहेत, तुकोबांची मृत्यूकडे पाहण्याची दृष्टी आहे, जात्यावरच्या ओव्यांत माहेरच्या मरणाच्या बातम्या आहेत. ओवीसुद्धा आखूडच असते. पण संतपरंपरेत मृत्यूला एक चौकट असते. विठ्ठल असतो, मोक्ष असतो, निदान श्रोत्याला सावध करणारा उपदेश तरी असतो. पुढे छापखाने आले आणि मृत्युलेखाने दुसरी चौकट दिली. त्यात देवाच्या जागी राष्ट्र किंवा समाज आला. गेलेला माणूस किती मोठा होता, त्याने काय केले, त्याच्या जाण्याने कोणती पोकळी निर्माण झाली, हे सांगितल्याशिवाय मराठी माणसाला मरताच येत नसे! सामान्य माणूस, पोपट, सुकलेली कुंडी, यांच्या जाण्याला या दोन्ही चौकटींत जागा नव्हती. हायकूने ती जागा दिली, कारण त्याला चौकटच नको असते.

याची कसोटी तिसऱ्या ओळीत लागते. उपनगरातल्या कोणत्याही सोसायटीच्या प्रवेशद्वाराशी एक फळा असतो. समजा, कोणा आजोबांच्या निधनाची खडूने लिहिलेली सूचना पुसून त्यावर आज पाणी दोन तास उशिरा येईल असे लिहिले आहे, आणि पुसलेल्या नावातले एक अक्षर कोपऱ्यात अजून दिसते. येथे थांबले तर हायकू होण्याची शक्यता आहे. 'जीवन हे असेच' असे पुढे जोडले की झाला सुविचार. मराठी मनाला ही तिसरी ओळ फार खुणावते. कीर्तनाची शतके पाठीशी असल्यामुळे बोधाशिवाय उठणे आपल्याला अपुरे वाटते. हायकूच्या नावाने आज जे लिहिले जाते त्यातला मोठा भाग याच ठेचेने पडतो. एखादे बरे वाक्य तीन ठिकाणी तोडायचे आणि शेवटी तत्त्वज्ञान ठेवायचे, ही युक्ती झाली. शिरीष पै यांच्याही साऱ्या रचना या मोहातून सुटलेल्या नाहीत. पण त्यांच्या चांगल्या हायकूंत त्या पाहिलेले सांगतात आणि गप्प होतात. अत्र्यांच्या घरात वाढलेल्या व्यक्तीने गप्प होण्याची कला कमावली, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. 'फक्त हायकू', 'नवे हायकू' हे त्यांचे संग्रह वाचताना दर कवितेला तिची शेवटची ओळ झाकून पाहावी आणि मग उघडावी. त्या ओळीने दृश्य वाढवले की समजावून सांगितले, हे लगेच कळते.

उपनगरात या कवितेला विषयांची वाण नाही. करोनाकाळाची वर्षे वगळली तर मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर गेली अनेक वर्षे दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरण पावतात. अंधेरीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला ते कळते ते गाडी उशिराने धावत असल्याच्या घोषणेतून. घोषणेत मृत्यू नसतो, मिनिटे असतात. मृत्युलेख कोणी लिहीत नाही. गर्दी घड्याळ पाहते, कोणी घरी फोन करून जेवायला थांबू नका म्हणून सांगते. हे लिहिण्यासाठी जी भाषा लागते ती ओरडून चालत नाही आणि उपदेश करूनही चालत नाही.

थोडक्यात लिहून थांबण्याची ही रीत उपनगरांना अगदीच परकी मात्र नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. चैत्यगृह पाहून बहुतेक पर्यटक परततात. पण तेथे एका लांबलचक कड्याखाली भिक्षूंची स्मशानवीथी आहे, जुन्या विटांच्या आणि दगडांच्या लहान स्तूपांची रांग. १९७० च्या दशकात, म्हणजे मराठी हायकू जन्माला येत होता साधारण त्याच सुमारास, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुराभिलेखतज्ज्ञ शोभना गोखले यांनी येथील स्मारकलेख उजेडात आणले. ते अतिशय छोटे आहेत. कोण स्थविर, त्याचे नाव काय, त्याने कोणती आध्यात्मिक पातळी गाठली, आणि संपले. तो कसा वारला, किती वर्षे जगला, मागे कोण रडले, काही नाही. हे हायकू नव्हेत, आणि त्यांना ओढूनताणून हायकू ठरवण्याचे कारणही नाही. पदव्या लिहिण्याचा मोह त्यांनाही आवरलेला नाही, तेवढ्यापुरते ते मृत्युलेखाचेच पूर्वज.

याच कान्हेरीच्या भिंतींवर ब्राह्मी आणि पहलवी लेखांबरोबर एक जपानी लेखही आहे, सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारा. वरळीला जपानी मंदिर आणि बोरिवलीला जपानी अक्षरे, अशी ही भूमी.

स्मशानवीथीपर्यंत जायचे तर पावसाळ्यात जपून जावे. काळा बेसॉल्ट निसरडा होतो. कातळात कोरलेली पाण्याची टाकी, ज्यांना तेथील प्राकृत लेख 'पोढी' म्हणतात, जूनअखेर भरू लागतात. भिक्षूंनी पावसाचे पाणी साठवण्यासाठी खोदलेले पाट अजून वाहतात. कड्यावरून ठिबकणारे पाणी विटांच्या जोत्यांवर पडते आणि नावे असलेल्या दगडांवर शेवाळ चढते. उन्हाळा आला की ते वाळून गळते, आणि अक्षरे पुन्हा काही महिने वाचता येतात.